वाढलेली बोट

समुद्र जिथून दिसत नाही, ऐकू येत नाही आणि वारा पडला तर ज्याचा वासही येत नाही, अशा अंधेरीच्या कोरड्या ठणठणीत जमिनीवर जहाज बांधून ते वर्षानुवर्षं चालवून दाखवणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो माझ्या मावशीचा दीर होता. त्यांचं नाव मी इथे सांगत नाही, कारण आमच्या घरात ते कधी कोणी घेतलंच नाही. मावशी पार्ल्याला राहायची. तिचे यजमान एका कचेरीत हेडक्लार्क. दारात तुळस, घरात रेडिओ, आळीत मान. अशा घरातला धाकटा भाऊ मॅट्रिकला आपटला, पळाला आणि गोऱ्या लोकांच्या आगबोटीवर त्यांच्या ताटात वाढायला लागला, हा पहिला धक्का होता. लढाईच्या दिवसांत तो परत आला आणि त्याने पुढच्याच स्टेशनाजवळ दारूचा बार काढला, हा दुसरा. आमच्या नातलगांनी यावर साधी युक्ती काढली. त्यांनी त्या माणसाचं नाव काढून घेतलं आणि नातं तेवढं शिल्लक ठेवलं. 'मावशीचे दीर आले होते', 'मावशीच्या दिरांना कळवा', इतकंच. लहानपणी मला 'दीर' हे त्यांचं नावच वाटायचं, म्हणून मी त्यांना 'दीरकाका' म्हणू लागलो. आधी सगळे हसले, मग सगळेच तसं म्हणू लागले. खुद्द मावशीचे यजमानही सख्ख्या भावाला 'तुमचे ते दीरकाका' म्हणत.

स्टेशनाच्या पश्चिमेला वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिंचेच्या झाडाखाली एक बैठी कौलारू इमारत होती. बाहेरून पाहिलं तर कोळशाची वखार वाटावी. आत पाऊल टाकलं की बोट. भिंतींना ताटाएवढ्या गोल खिडक्या, छताला दोरखंड, डाव्या हाताला लाल दिवा, उजव्या हाताला हिरवा, आणि गल्ल्यावर पितळेची घंटा. बोटीवर गोऱ्या उतारूंचा जेवणाचा जो दिवाणखाना असतो, त्याची ही हुबेहूब नक्कल होती. त्या दिवाणखान्याला दीरकाका 'सलून' म्हणत, त्यामुळे सुरुवातीला दोन-तीन माणसं दाढी करून घ्यायला येऊन बसली होती. नकलेत कसूर राहू नये म्हणून त्यांनी लादीसुद्धा तिरकी बसवून घेतली. गवंडी पाणसळ लावून म्हणाला, "शेठ, लादी सरळ बसवतो." दीरकाका म्हणाले, "तिरकी बसव." गवंड्याने विचारलं, "किती तिरकी?" त्यावर दीरकाकांनी खिशातून गोटी काढून त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही सोडली तर चालत गेली पाहिजे. धावता कामा नये." परिणाम असा झाला, की त्या बारमध्ये सरळ माणूस झुलत आत जाई आणि झुलता माणूस सरळ बाहेर येई.

खुर्च्या मात्र मोकळ्या, लादीला न ठोकलेल्या होत्या. तिरकी लादी आणि मोकळ्या खुर्च्या म्हटल्यावर दिवेलागणीला चार कोपऱ्यांत बसलेली चार गिऱ्हाइकं उठायच्या सुमाराला गल्ल्यापाशी एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असत. कोणी जागा बदललेली नसे, सगळे आपापल्या खुर्चीतच असत. पोस्टातल्या एका कारकुनाचा आपल्या साडूशी अबोला होता. ते दोघे मुद्दाम दोन टोकांना बसत आणि रोज नाइलाजाने एकत्र येत. शेवटी कंटाळून बोलायला लागले. सुताराने एकदा सुचवलं, "खुर्च्यांचे पाय लादीला ठोकून टाकू. खऱ्या बोटीवर तसंच असतं म्हणे." दीरकाका एरवी कोणावर आवाज चढवायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सुताराला हाताला धरून बाहेर काढलं. "खुर्ची उचलता आली पाहिजे," एवढंच म्हणाले. एवढा राग मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही. त्याचं कारण मला पुढे फार उशिरा कळलं.

बारचं नाव 'नांगर'. पाटी रंगवायला सांगितली ती एका घाटावरच्या पेंटरला. दीरकाका म्हणाले, "नांगर म्हणून लिही आणि खाली चित्र काढ." तो भला माणूस आठ दिवसांनी पाटी घेऊन आला. वर टपोऱ्या अक्षरात 'नांगर' आणि खाली दोन पांढरेशुभ्र बैल, मागे लाकडी नांगर आणि कासरा धरलेला शेतकरी. त्याच्या गावाला समुद्र नव्हता, त्यात त्याचा काय दोष? आम्ही पोट धरून हसलो. दीरकाका पाटीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बैल झकास आलेत हां." तीच पाटी लागली. मरोळकडचे शेतकरी मग अधूनमधून फाळ बदलून मिळेल का विचारायला येत आणि कधीकधी ते विसरून तिथेच बसत. वेसाव्याचे एक म्हातारे कोळी मासळी विकून परतताना रोज दारात थांबून म्हणायचे, "आनि पानी कुठं हाय रं तुझ्या बोटीला?" दीरकाका तत्परतेने त्यांच्यापुढे ग्लास धरत. "हे काय, आजोबा. पाणी आतल्या बाजूला आहे."

पण दीरकाकांचा खरा विक्षिप्तपणा होता तो शब्दांचा. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळसुद्धा वाढवायचा. अभद्र बोलू नये म्हणून जुन्या माणसांनी करून ठेवलेली ही सोय दीरकाकांनी पार कळसाला नेली होती. बोटीवर बुडणं, फुटणं, विझणं, संपणं, बंद होणं, यातला एकही शब्द उच्चारायचा नाही. कोणी चुकून उच्चारलाच, तर त्याने ग्लास खाली ठेवून बाहेर जायचं, चिंचेला हात लावायचा आणि उजवं पाऊल टाकून पुन्हा आत यायचं. सोडा वाढायचा, सिगारेट वाढायची, पश्चिमेला सूर्य वाढायचा. आम्ही कॉलेजातली मुलं तिथे लेमन प्यायला जायचो, ते तास वाढवून. एकदा पोस्टातले कारकून डोळ्यांत पाणी आणून सांगत होते, "काय सांगू, माझी सगळी पुंजी ज्या बँकेत होती ती बँक वाढली हो!" शेजारचा नवा गृहस्थ आनंदाने म्हणाला, "वा, अभिनंदन! कितपत वाढली?" कारकून हुंदका देऊन म्हणाले, "पार वाढली. दाराला कुलूप लागलंय." दीरकाकांनी मात्र कारकुनांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या रात्री त्यांना घरापर्यंत पोचवून आले.

आणखी एक खोड म्हणजे ते बसत नसत. कुठेच नाही. आपल्या बारमध्ये नाहीत, मावशीकडे नाहीत, कोणाच्या लग्नात नाहीत. उभ्यानेच चहा, उभ्यानेच जेवण. आमच्या मंडळींची यात मोठी पंचाईत झाली होती, कारण बारवाल्याला पंगतीला बोलवायचं तर लाज वाटे, आणि त्यांच्यासारखा वाढपी उभ्या पार्ल्यात नव्हता. तेव्हा तडजोड अशी निघाली, की त्यांना लग्नकार्याला बोलवायचं ते वाढायला. माझ्या मुंजीत आमटीचं भांडं घेऊन ते पंगतीतून फिरले तो देखावा अजून लोक आठवतात. डाव्या पायावर एक हेलकावा, उजव्या पायावर एक हेलकावा, जणू मांडवाखाली लाटा उसळताहेत, आणि तरी पत्रावळीबाहेर एक थेंब नाही. प्रत्येकाच्या कानाशी वाकून हळूच विचारायचे, "थोडी आणखी, सर?" आमच्या एका सोवळ्या चुलत आजोबांना जन्मात कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. त्यांनी चार वेळा आमटी घेतली आणि नंतर बारवाल्याच्या हातचं खाल्लं म्हणून गोमूत्रही घेतलं. पंगत उठली की मावशी दीरकाकांचं ताट वाढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून द्यायची. "भावजी, बसा हो दोन मिनिटं," ती दरवेळी म्हणायची. "बरं आहे, वहिनी, असंच बरं आहे," असं म्हणत ते ताट हातात घेऊन भिंतीला टेकून जेवायचे.

पन्नास सालच्या उन्हाळ्यात दारूबंदी आली. उरलेला माल सरकारजमा करायचा होता, तो त्यांनी बाटली न् बाटली मोजून दिला. शेवटच्या संध्याकाळी बोट गच्च भरली होती. वेसाव्याचे आजोबासुद्धा पहिल्यांदाच आत येऊन बसले होते आणि खुर्चीसकट गल्ल्यापर्यंत घसरत गेले होते. दीरकाकांनी घंटा वाजवली आणि म्हणाले, "मंडळी, दुकान वाढवलं." बोलायला जे शब्द होते ते सगळे तिथे वर्ज्य होते. त्यानंतर लोक पांगले. काही उडप्याकडे कॉफी प्यायला लागले, काही खाडीकडच्या अंधारात आंटीच्या हातभट्टीच्या अड्ड्यावर जाऊन नाही नाही ते पिऊ लागले, आणि त्यांतले दोन-तीन त्यातच गेले. पोस्टातले कारकून त्या दोन-तिनांत होते.

दीरकाकांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं, लाल दिवा लावला, हिरवा दिवा लावला, ग्लास पुसून मांडले आणि सोडा-लिंबू द्यायला सुरुवात केली. दारूचा थेंब नाही. मी म्हटलं, "दीरकाका, जागा सोडा, दुसरं काहीतरी बघा. आता या बोटीत काय राहिलंय?" ते म्हणाले, "माल नसला म्हणून बोट सोडून जातात काय रे? सध्या ती गोदीत आहे. दुरुस्तीला." येणारी माणसं पाच होती, ती चार झाली, मग तीन झाली. घरमालक जागा खाली करून मागत होता. मावशीच्या यजमानांनी कचेरीत चपराशाची नोकरी लावून देतो म्हणून निरोप पाठवला. दीरकाकांनी तो निरोप आणणाऱ्याला सोडा पाजून परत पाठवलं. त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ही बोट आहे तशी राहावी. पैसा नको, गिऱ्हाईक नको, फक्त ती राहावी. आम्ही सगळे त्याला वेड म्हणत होतो.

एका संध्याकाळी मी एकटाच होतो. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि जगाला शहाणपण शिकवायच्या वयात होतो. मी त्यांना म्हटलं, "अहो, निदान बसा तरी. आता कुठे गोरे साहेब आहेत बघायला?" ते ग्लास पुसत होते. पुसता पुसताच त्यांनी सांगितलं. बाबल्या नावाचा त्यांचा गाववाला बोटीवर त्यांच्याबरोबरच वाढपी होता. सलूनमध्ये नोकरांनी बसायची सक्त मनाई. कितीतरी वर्षं दोघांनी त्या मखमलीच्या खुर्च्या झटकल्या, पण टेकले कधी नाहीत. लढाईतल्या एका दुपारी जेवणं आटोपली होती, उतारू वर डेकवर ऊन खायला गेले होते. बाबल्या एकदम जाऊन कप्तानाच्या खुर्चीत बसला. पाय पसरले, डोळे मिटले आणि म्हणाला, "आता बोट बुडली तरी मी उठूचंय नाय."

"तेवढ्यात टॉर्पेडो लागला," दीरकाका म्हणाले. "भिंतीवरचं भांड्यांचं कपाट सुटून त्याच्यावर आलं. खुर्ची लादीला ठोकलेली, टेबल लादीला ठोकलेलं, मधे तो. मी ओढतोय, ओढतोय. खुर्ची हलेना रे. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तो मला म्हणाला, 'तू जा मेल्या. मी सांगलंय ना तुका, उठूचंय नाय.' हसत होता." त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरून पाहिला. "मग मी वर गेलो. मग बोट वाढली."

मी त्यानंतर त्यांना बसायला सांगितलं नाही. बोलताना शब्दही जपून वापरू लागलो. हसू येत नव्हतं असं नाही, पण ते गिळायची सवय लागली.

पुढे धाड पडली. तिघंजण सोडा-लिंबू पीत बसले होते, आणि एका खुर्चीखाली हातभट्टीची बाटली सापडली. कोणी आणली देव जाणे. तिघांनीही आपापल्या ग्लासात डोकं घातलं. पोलिसांनी दीरकाकांना विचारलं, "बाटली कोणाची?" ते म्हणाले, "बोटीवर सापडली म्हणजे बोटीची." तिघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी काम भागलं असतं, पण तिघांनाही बायकामुलं होती आणि दीरकाकांना कोणी नव्हतं, असा हिशेब त्यांनी केला असावा. आमच्या आळीतल्या एका वकिलांना मी गळ घातली. ते म्हणाले, "सोपं आहे. दारूचं दुकान दारूबंदीच्या दिवसापासून बंद आहे, माल सरकारजमा केलेला आहे, बाटली गिऱ्हाइकाची. आरोपीने सरळ तसं सांगायचं, सुटला."

मॅजिस्ट्रेट इंग्रजीतून ऐकत, आणि दुभाषा होता धारवाडकडचा एक तरुण, मराठी पुस्तकातून शिकलेला. दीरकाका पिंजऱ्यात उभे राहिले. मॅजिस्ट्रेट भले होते, त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहून म्हणाले, "बसा हवं तर." दीरकाका म्हणाले, "असंच बरं आहे." सरकारी वकिलाने विचारलं, "दारूबंदी आल्यावर तुम्ही दुकानाचं काय केलं?"

"वाढवलं, साहेब."

दुभाष्याने इमानाने भाषांतर केलं, की आरोपी म्हणतो, मी दुकान मोठं केलं. मॅजिस्ट्रेट लिहिता लिहिता थांबले. सरकारी वकिलाचे डोळे चमकले.

"एकदाच वाढवलं?"

"छे. त्या दिवशी वाढवलं, आणि त्यानंतर रोज वाढवतो. एक दिवस चुकलेलो नाही."

कोर्टात खसखस पिकली. आमचे वकील उठून घाईघाईने सांगू लागले, की महाराज, मराठीत दुकान वाढवणं म्हणजे दुकान बंद करणं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "वाढवणं म्हणजे बंद करणं? मग कमी करणं म्हणजे काय, उघडणं?" यावर तर पट्टेवालासुद्धा हसला. मीही हसलो असतो, पण दीरकाकांचे हात दिसत होते. त्यांनी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला होता आणि पाय फाकवून, हलत्या डेकवर उभं राहावं तसे ते उभे होते.

मॅजिस्ट्रेटना दया आली असावी. त्यांनी दुभाष्याला थांबवलं आणि स्वतः मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "देखो, सीधा बोलो. दुकान बंद किया था कि नहीं? हां या ना?"

आमच्या वकिलांनी मागून कुजबुजत सांगितलं, "बंद केलं म्हणा." मी पहिल्या बाकावर होतो. मी हात जोडले. एक शब्द होता. तो बोलले असते तर संध्याकाळी घरी आले असते आणि लाल-हिरवे दिवे पुन्हा लावले असते. दीरकाकांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"साहेब," ते म्हणाले, "मी वाढवलं."

त्यांना सहा महिन्यांची सजा झाली. बाहेरच्या व्हरांड्यात दोन पोलिसांच्या मधे ते चालले होते तेव्हा मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "दीरकाका, एक शब्द होता हो फक्त. काय झालं असतं?" ते थांबले. अगदी मायेने, लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "तेव्हा बाबल्याचाही एकच शब्द होता रे."

ते तुरुंगात होते तेवढ्यात घरमालकाने जागा साफ केली. खुर्च्या जळाऊ लाकडाच्या भावात गेल्या. गोल खिडक्या विटांनी चिणल्या. घंटा कुठे गेली ते कळलं नाही. 'नांगर'ची पाटी मालाडच्या एका शेतीच्या अवजारांच्या दुकानदाराने नेली आणि चित्रासकट आपल्या दारावर लावली. बारा गावचं पाणी प्यायलेल्या त्या पाटीला अखेर तिचा खरा धंदा मिळाला. जागेत पिठाची गिरणी आली. पहिले काही दिवस बायकांचे दळणाचे डबे सरकत सरकत गल्ल्यापाशी जात आणि कोणाचे गहू कोणाच्या ज्वारीत मिसळत. मग गिरणीवाल्याने लादी उखडून सरळ करून घेतली. मी यातलं काही थांबवू शकलो नाही. विकत घ्यावं म्हटलं तर माझ्याजवळ पगार तेवढा होता, आणि बोट ठेवायची कुठे, पार्ल्याच्या गॅलरीत?

सुटले त्या दिवशी त्यांना आणायला मीच गेलो होतो. वाळून निम्मे झाले होते. म्हणाले, "आधी अंधेरीला जाऊ." मी गाडीत सारा वेळ त्यांना सांगायचा प्रयत्न करत होतो, पण कोणत्या शब्दांत सांगायचं? त्यांनीच तर सगळे शब्द काढून घेतलेले. चिंचेखाली आम्ही उभे राहिलो. आतून गिरणीची घरघर येत होती, दारावर पिठाचा धुरळा होता. गिरणीवाला बाहेर डोकावला, आमचे रिकामे हात पाहिले आणि म्हणाला, "दळण आहे का?"

"नाही," दीरकाका म्हणाले. "असंच बघत होतो." मग वाकून त्यांनी उंबऱ्यावरून आत लादीकडे नजर टाकली. "लादी सरळ केली होय," एवढं म्हणाले आणि चालायला लागले. चालताना त्यांच्या पायांत तो हेलकावा नव्हता.

मी त्यांना मावशीकडे नेलं. मावशीचे यजमान पेपर वाचत होते. त्यांनी पेपर आणखी वर धरला, पण भाऊ जवळून आत गेला तरी त्यांनी ते पान उलटलं नाही. स्वयंपाकघरात मावशीने पाट मांडला होता, समोर ताट, तांब्याभांडं, ताटाभोवती छोटीशी रांगोळी. त्या घरात दीरकाकांसाठी पाट कधी मांडला गेलाच नव्हता. ते सवयीने दाराशी थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही सगळे बसा. मी वाढतो."

मावशी वळली. "आयुष्यभर वाढलंत, भावजी. पुष्कळ झालं. आज मी वाढते. तुम्ही बसा."

ते पाटाकडे बघत राहिले. मग पुढे आले, एक हात जमिनीवर टेकला आणि हळूहळू बसले, आणि बसल्यावर क्षणभर डोळे मिटून घेतले. मावशीने भात वाढला, वरण घातलं, तुपाची धार धरली. दीरकाकांनी ताटाला हात लावला नाही. खाली बघतच म्हणाले, "वहिनी, बोट बुडाली."

मावशीने कुठली बोट म्हणून विचारलं नाही. तिचा हातही थांबला नाही. "हो, भावजी," ती म्हणाली, "बुडाली. जेवा आता." आणि ते जेवले. पाटावर मांडी घालून, पोटभर जेवले. मी समोरच होतो.

त्यानंतर वर्षभर ते मावशीकडेच होते. दिवसभर गॅलरीत खुर्चीत बसून असत. त्यांच्या सगळ्या खोडी गेल्या होत्या. चारचौघांसारखे चारचौघांचे शब्द बोलत. दूध संपलं, कप फुटला, दार बंद कर. त्यांच्या तोंडून 'दिवा विझव' ऐकलं की मी तो उगाच थोडा वेळ तसाच ठेवत असे. ज्या वेडाला आम्ही इतकी वर्षं हसलो, ते थोडं तरी परत यावं म्हणून मी मुद्दाम त्यांच्यापुढे 'चहा वाढला की काय, दीरकाका?' असं काहीतरी बोलून बघत असे. ते नुसते पाहत. एका दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. उठलेच नाहीत.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मावशी आणि मी दोघंच देवापाशी होतो. समईत तेल थोडं उरलं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, समई विझवू का गं?"

तिने चटकन माझा हात धरला. "विझवू नको म्हणूस," ती म्हणाली. "वाढवू म्हण. भावजींना चालायचं नाही."